सख्खा नमुना, मानलेला नमुना

संस्थेत माणसं दोन प्रकारची होती. धातूला हात लावणारी आणि धातूबद्दल बोलणारी. वहीबाई दोन्हींत मोडत नसे. ती धातूची नोंद ठेवी. एकतीस वर्षं भट्टीतून निघालेल्या प्रत्येक मिश्रधातूचा आगपेटीएवढा तुकडा तिच्या टेबलावर आला होता. तिने त्याला क्रमांक दिला, वहीत एक ओळ लिहिली आणि मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात त्याला खण दिला. असे सहा हजार एकशे चाळीस तुकडे. पहिल्या रकान्याचं नाव ‘नमुना क्रमांक’, शेवटच्याचं ‘शेरा’. शेऱ्यात धातूपेक्षा माणसांबद्दलच जास्त असे. ‘भट्टीवाले घाईत होते.’ ‘साहेब स्वतः हजर, म्हणून उशीर.’ लिहिलेलं खोडायची तिची पद्धत नव्हती, त्यामुळे बरेच जण तिच्याशी जपून बोलत.

सोमवारी प्रमुखबाईंनी सगळ्यांना लांब टेबलाच्या खोलीत बोलावलं.

“आपण आणि आणखी दोन संस्था मिळून एक ऑन्टॉलॉजी उभारतोय,” त्या म्हणाल्या.

“कोणाची आंटी?” भट्टीवाला वहीबाईच्या कानात म्हणाला. त्याचं कुजबुजणं भट्टीच्या आवाजाला सरावलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

“शब्दांची वंशावळ समजा,” प्रमुखबाई न हसता म्हणाल्या. “कुठला शब्द कशाचा प्रकार, कशाचा भाग, कशातून निघालेला. यंत्राला शब्द कळत नाहीत, नाती कळतात. ती एकदा नीट सांगितली की तिन्ही संस्थांच्या नोंदी एकमेकींशी बोलायला लागतील. पण आपलं घोडं अडलंय. हे बघा.”

भिंतीवर दोन ओळी उमटल्या.

नमुना ४१२ : तीन हजार अंशांवर वाफ झाला.
नमुना ४१२ : खण सात, उजवीकडून तिसरा.

“वाफ खणात कशी राहील, असं यंत्र विचारतंय,” प्रमुखबाई म्हणाल्या. “अशा आठशेच्या वर विसंगती आहेत. सगळ्या जुन्या वह्यांमुळे. शुक्रवारी तिन्ही संस्थांच्या नोंदी एकत्र होणार. तोवर सुटलं नाही तर वह्या बाहेर ठेवून पुढे जाऊ.”

“आणि कपाट?” वहीबाईने विचारलं.

“नोंदच नसेल तर त्या तुकड्यांचं करायचं काय? खोली नव्या यंत्राला हवी आहे. तुकडे वितळायला जातील.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गणिती बसला होता. तो संगणकात धातू घडवी. अणूला अणू जोडून, आकड्यांच्या आचेवर तापवून. नऊ वर्षांत त्याने असे नऊशे धातू घडवले होते आणि एकाचाही चटका त्याला बसला नव्हता. चारशे बारा क्रमांकाची वाफ त्याचीच होती. तोंडाने तो ‘मॉडेल’ म्हणे. पण त्याच्या प्रत्येक कागदावर, पहिल्याच रकान्यावर ‘नमुना क्रमांक’ छापलेलं होतं.

का, ते खोलीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस खाली बघत होतं.

मंगळवारभर वहीबाई गप्प राहिली. तिने स्वतःच्या नावावर हा शेरा मनात लिहून ठेवला. बुधवारी सकाळी ती गणितीच्या खोलीत गेली. बरोबर भट्टीवाला होता. चहाचे तीन कप त्याच्या हातात होते आणि अर्धा चहा बशीत.

“चूक माझी आहे,” ती दारातूनच म्हणाली. “तुम्ही नवे आलात तेव्हा नोंदीसाठी कोरा फॉर्म मागितला होता. मी माझाच दिला. छापून आणलेले शिल्लक होते. म्हटलं, नमुन्याचा नमुना हाच.”

गणिती तिच्याकडे बघतच राहिला. “मला वाटलं, इथे मॉडेलला नमुनाच म्हणतात.”

“इथे तुम्हालाही नमुनाच म्हणतात,” भट्टीवाला म्हणाला. “पण मागून.”

“दादा, कप ठेव आणि गप्प बस.”

गणितीला हसू आलं. नऊ वर्षांत या दोघांशी तो एवढं बोललाच नव्हता. “हे तुमचे सख्खे भाऊ का?” त्याने विचारलं.

“मानलेला.”

“म्हणजे?”

“म्हणजे जन्माच्या दाखल्यावर नाही, पण प्रत्येक आजारपणात हजर,” वहीबाई म्हणाली. “सख्ख्या भावाला काही करावं लागत नाही, तो असतोच. मानलेल्याला मानावं लागतं.”

गणितीचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. “आम्हीही मानतोच,” तो सावकाश म्हणाला. “प्रत्येक हिशेबाची पहिली ओळ तीच. मानू की इतके अणू आहेत. मानू की इतकी उष्णता आहे.”

“मग झालं की! आमच्या खणातला तो सख्खा नमुना. तुमचा तो मानलेला नमुना. एका आडनावाचे म्हणून एकाच आईचे होत नाहीत.”

गणितीने खडू उचलला. फळ्यावर ‘नमुना’ लिहिलं, त्याला दोन फांद्या काढल्या, आणि खडू खाली ठेवणार एवढ्यात वहीबाई पुढे झाली.

“असं अर्धवट नको. मानलेला भाऊ नुसता मानलेला नसतो, कोणाचा तरी असतो. हा माझा मानलेला. तुमचे नऊशे कोणाचे?”

“कोणाचे म्हणजे?”

“कुठल्या खऱ्या धातूला समोर धरून मानलेत? ते लिहायला एक रकाना पाहिजे. तो मोकळा असेल तर ओळ घ्यायची नाही.”

गणितीने मानलेल्याच्या फांदीपुढे ‘कोणाचा?’ असं लिहिलं. अशी अट कुणी त्याला कधी घातली नव्हती. त्याच्या कामाचा अर्धा अर्थ त्या एका रकान्यात होता आणि तो रकाना त्याच्या कागदावर कधी नव्हताच.

बुधवारची दुपार आणि गुरुवारची सकाळ तो आपले नऊशे मानलेले तपासत बसला. वहीबाई शेजारी बसून एकेकाचं नातं विचारी. बहुतेकांना घरं मिळाली. हा पुस्तकातल्या अमक्याचा, तो दुसऱ्या संस्थेतल्या तमक्याचा. आठशे एकाहत्तरावर मात्र तो अडला.

“हा कोणाचाच नाही,” तो म्हणाला. “असा धातू कुणी केलेला नाही. अॅल्युमिनियममध्ये दोन गोष्टी अशा प्रमाणात घातल्या आहेत की शहाणा माणूस घालणार नाही. गणित सांगतं, हा ओतल्यावर मऊ असेल. मग नुसता पडून राहिला, गरम न करता, न हलवता, तर आतले अणू सरकत सरकत जागा शोधतील आणि हा टणक होत जाईल. पण फार हळू. पंचवीस-तीस वर्षं.”

“करून बघितला नाही?”

“तीस वर्षं थांबणार कोण, बाई?”

“मग लिहा, ‘नातेवाईक अज्ञात’. आणि यंत्राला विचारू दे.”

गुरुवारी दुपारी प्रमुखबाईंसमोर नवी वंशावळ यंत्राला दिली. आठशे विसंगती एकामागून एक मिटत गेल्या. वाफ वाफेच्या जागी गेली, तुकडा खणात राहिला. प्रमुखबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या बाबतीत ही टाळ्यांच्या बरोबरीची गोष्ट होती. मग पडद्यावर, कुणी न विचारता, एक ओळ आली.

मानलेला ८७१ : संभाव्य सख्खा, नमुना ५८७. घटकांचं प्रमाण जुळतं.

“शक्य नाही,” गणिती म्हणाला.

वहीबाई तोवर वही आणायला उठली होती. पाचशे सत्त्याऐंशी. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ओळ, तिच्याच तरुण, घट्ट अक्षरातली. घटकांचं मोजलेलं प्रमाण, पुढे टणकपणा एकसष्ट. शेरा : ‘डबा चुकला. भुकटी भलतीच पडली. भट्टीवाले स्वतःहून कबूल झाले. टाकू नये.’

भट्टीवाल्याने वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. “एवढी वर्षं हे असं लिहून ठेवलंयस?”

“कबूल झालेल्या माणसाचा तुकडा मी टाकत नाही.”

खण नऊ, डावीकडून पहिला. तुकडा राखाडी, निस्तेज, कोपऱ्यावर रंगाने घातलेला आकडा. टणकपणा मोजायच्या यंत्रापाशी चौघं उभे राहिले. हिऱ्याचं बारीक टोक धातूत दाबायचं आणि पडलेला खळगा मोजायचा. खळगा जितका लहान तितका धातू टणक.

“आधी तुमचा आकडा कागदावर लिहा,” वहीबाई गणितीला म्हणाली. “नंतर आठवलेले आकडे मी वहीत घेत नाही.”

त्याने अठ्ठावीस वर्षांचा हिशेब लावला, लिहिलं, आणि कागद पालथा ठेवला. भट्टीवाल्याने तुकडा घासून आरशासारखा केला, यंत्रात बसवला, टोक खाली आणलं. एक खळगा. दुसरा. तिसरा. भिंगातून बघून त्याने आकडे सांगितले, आणि या वेळी त्याचा आवाज खरोखरच हळू होता.

“एकशे तीन. एकशे सहा. एकशे चार.”

गणितीने कागद उलटा केला. १०४.

वहीबाईच्या डोळ्यांसमोर तो खण आला. दिवा नाही, वारा नाही, कुणाची भेट नाही. अठ्ठावीस वर्षांत बाहेर तीन प्रमुख बदलले, तिला चष्मा लागला, दादाच्या केसांतला काळा रंग संपला. आणि आत, त्या मुक्या तुकड्यात, डोळ्याला कधीच न दिसणारं काहीतरी कणाकणाने सरकत होतं, आपली जागा शोधत होतं, एकाही दिवसाची सुट्टी न घेता. आणि ज्याने तो तुकडा पाहिलाच नव्हता अशा माणसाने, पलीकडच्या खोलीत बसून, तो आज कुठवर पोचला असेल ते नेमकं सांगितलं होतं. इतकी वर्षं तिला वाटे की आपण तुकडे सांभाळतो. तुकडे तर आपापलं काम करत होते. ती फक्त दार लावून घेत होती.

“म्हणजे माझी चूक बरोबर होती?” भट्टीवाल्याने विचारलं.

“चूक चूकच होती. नोंद बरोबर होती.”

प्रमुखबाई दाराकडे गेल्या आणि वळल्या. “वितळभट्टीला निरोप द्या, उद्या गाडी नको. आणि बाकीच्या खणांत काय काय चाललंय, देव जाणे. कपाटाला कुणी हात लावायचा नाही.” मग जरा थांबून, “वहीबाई सोडून.”

गणिती अजून यंत्रापाशीच होता. “मी घेऊ का हातात?” त्याने विचारलं. एखाद्याचं तान्हं मूल मागावं तसं.

वहीबाईने तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने बोटं मिटली.

“हलका आहे,” तो म्हणाला.

“का, गणितात वजन नव्हतं?”

“होतं. दशांशाच्या सहा घरांपर्यंत होतं.” त्याने मूठ उघडली नाही. “हाताला लागलं नव्हतं.”

वहीबाईने वही उघडली. पाचशे सत्त्याऐंशीच्या ओळीत शेऱ्याच्या पुढे बोटभर जागा उरली होती. तिथे तिने उभी रेघ मारून नवा रकाना केला, वर ‘नाते’ लिहिलं, आणि खाली, आता थोड्या थरथरत्या अक्षरात : ‘८७१ चा सख्खा. आज भेट झाली.’