जांभळ्या देठाचा पुदिना

सारजाचा पुदिना शेळगावात कुणाच्याच वाफ्यात नव्हता. देठ जांभळे, पान बारीक, आणि जुडी सोडली की वास चार घरं जायचा. तिचा नवरा सिद्धू मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता, तेव्हा घाटातल्या एका झऱ्याकाठचं मुळकांड त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. पुढच्याच पावसाळ्यात नीरेला पूर आला. मेंढरं गेली, सिद्धूही गेला. हाती लागलं ते त्याचं घोंगडं.

सारजानं कपाळ पुसलं. भाऊ म्हणाला, दुसरं घर करू, तुझा पाट लावू. पण म्हाताऱ्या सासूला, फुलाबाईला, टाकून जायला तिचं मन धजेना. विहिरीच्या सांडपाण्यावर तिनं तो वाफा जपला. लेंडीखत घालायचं, फुलोरा धरायच्या आत कापणी करायची, मुळं दाटली की उपटून दुसरीकडं लावायची. जुड्या इंदापूरच्या बाजारात खपायच्या. दोघींचं भागायचं.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या कुंडलिकची गाडी बारामतीच्या बाजाराला निघाली, म्हणून सारजा पहिल्यांदाच तिकडं गेली. जागा मिळाली ती पिंपळीच्या झुंबरशेजारी. तरणीताठी, बोलकी बाई. तिनं पाटी उघडली आणि सारजाचा हात जुडीवरच थांबला. पाटीत पुदिना होता. जांभळ्या देठाचा.

"ह्यो कुठनं आणला गं बाई?"

"आमच्या मालकांनी. पयलं मेंढरं राखायचे ना, कुठल्याशा बाईकडनं मुळकांड आणलं म्हनले."

"नाव काय त्यांचं?"

नवऱ्याचं नाव घ्यायला झुंबर लाजली. मग घेतलं.

सारजाला बाजाराचा गलका ऐकू येईनासा झाला. माल तिथंच टाकून ती उठली. "मला तुझा वाफा दाखीव," एवढंच म्हणाली. झुंबरला वाटलं, हिला रोप पाहिजे असंल. दुपारी तिला घेऊन ती पिंपळीला गेली.

वाफ्याच्या कडेला एक माणूस पाठमोरा दारं धरून, पाणी वळवत उभा होता. त्यानं वळून बघितलं आणि हातातलं खोरं चिखलात पडलं.

"सारजे..."

त्याच्या पायांकडं, मग तोंडाकडं, पुन्हा पायांकडं ती बघत राहिली. पाय उलटे नव्हते. शेवटी म्हणाली, "तुमची आई दर आवसंला तुमच्या नावानं घास काढती."

सिद्धूनं मान खाली घातली. "पुरात लांबवर वाहत गेलो, मंग भाईर पडलो. काठावर बसलो, आन वाटलं, सुटलो. मेंढरं न्हाईत, घर न्हाय, कोन न्हाय. मागं फिरावंसंच वाटलं न्हाय."

"आन मुळकांड?"

"एकदा रातच्याला आलो व्हतो. वाफ्यातनं उपटलं. दाराशी गेलो न्हाय."

झुंबर मधेच भुईवर बसली. "ही कोन हाय?" तिनं दोनदा विचारलं. "मी ह्यांची बायकू," सारजा म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. फुलाबाई भिंतीला टेकून बसली. मग हळूच म्हणाली, "वाळलाय का गं? खातापितोय ना नीट?"

सारजाला एकदम हुंदका फुटला. सकाळी कुंकू लावू का, हे तिनं सासूला विचारलं नाही आणि लावलंही नाही.

पुढच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ती पुन्हा बारामतीला गेली. झुंबर आधीच येऊन बसली होती. डोळे सुजलेले, पाटी रिकामी.

"गेला," झुंबर म्हणाली. "तुमी गेल्यावर दुसऱ्याच दिशी. उठून बघते तर हातरुण मोकळं. कुठं, काय सांगितलं न्हाय."

"माझ्याकडं न्हाय आला," सारजानं सांगितलं, आणि ते ऐकून झुंबरच्या तोंडावरची उरलीसुरली आशा मावळलेली तिला दिसली. तिनं आपलं फडकं सरकवलं, निम्म्या जुड्या झुंबरपुढं मांडल्या. एक गिऱ्हाईक वाकून भाव विचारत होतं. सारजानं भाव सांगितला, झुंबरनं जुडी उचलून त्याच्या हातात दिली.