गाळात रुतलेला फाळ

मित्रांनो, मी नांगराचा एक जुना लोखंडी फाळ आहे. मगधातल्या एका तळ्याच्या बांधात, पाटाच्या तोंडाशी, पुरता गाळाखाली रुतलो आहे. माझ्यामागे पाणी आहे आणि पुढे शेतात भाताची रोपं पिवळी पडत आहेत. माझा जीव नुसता तळमळतो आहे.

सोणक लोहारानं मला घडवलं, तेव्हा गावात खैराच्या लाकडाचे फाळ होते. सालवृक्षांचं रान तोडून काढलेल्या त्या जमिनीत मुळं इतकी, की लाकडी फाळ कटकन मोडत. मी मात्र मुळं चिरत गेलो. माझा मालक भद्दिल मला रोज तेल लावी. शेजारी चिडवत, “भद्दिलभाऊ, फाळ आहे की राजाची तलवार?”

त्याची बायको सामा म्हणे, “तलवारीनं कुणाचं पोट भरलंय, भावजी?”

मग एका वर्षी पावसानं दगा दिला. तळ्यात पाणी होतं, शेतापर्यंत पाटही खणून झाला होता. फक्त तळ्याचा बांध फोडायचा राहिला होता. पण बांधात नागराजाचं वारूळ! म्हातारे धनिककाका आडवे आले. “तिथं लोखंड लावाल तर वंश बुडेल.”

“पोरं उपाशी मेली तर बुडायला वंश उरेल का, काका?” असं म्हणून सामानं मला नांगरातून काढलं आणि वारूळ सोडून, बाजूनं बांध फोडला. पाणी खळाळत शेतात गेलं. माझं टोक पार झिजलं होतं. पाटाच्या तोंडाशी रचलेले दगड सरकू नयेत म्हणून तिनं मला त्यांच्यामध्येच ठोकून बसवलं.

त्यानंतर दरवर्षी पेरणीआधी सामा एकटीच येई, गाळ उपसून काढी आणि मला चाचपून विचारी, “आहेस ना रे जागेवर?” तेव्हा गंजतानाही मला वाईट वाटत नसे. तिचं हे काम कुणी पाहिलं नाही, म्हणून कुणी शिकलंही नाही.

ती वारल्याला दोन पावसाळे झाले. हळूहळू गाळ साचला आणि यंदा पाट पुरता बंद पडला. तळं भरलेलं, शेत कोरडं. सगळे म्हणू लागले, नागराजानं पाणी अडवलं.

आज भद्दिल काठी टेकत वारुळापाशी आला आहे. पोरांच्या तोंडचं दूध त्यानं आणलं आहे, सोबत लाह्या आहेत. नाग बिथरू नये म्हणून कुदळ, फावडं सगळं घरी ठेवून आला आहे.

“नागराजा, सामानं तुला दुखवलं,” तो रडत म्हणतो. “तिच्या चुकीची शिक्षा नातवंडांना देऊ नकोस.”

अरे भद्दिल, तिची कसली चूक! मी ओरडतो, पण लोखंडाला आवाज कुठला? वारुळावर ओतलेलं दूध ओघळून माझ्यावरच्या गाळात मुरतं आहे.

मित्रांनो, तुम्हाला तरी ऐकू येतं का? मला बाहेर काढू नका, तेलही लावू नका. हातभर गाळ आहे फक्त. तेवढा उपसा.