खंडोबाच्या कुत्र्याचा रोडगा

दिल्लीला बादशहाचा दरबार भरला, त्या सालची चंपाषष्ठी. दरबाराचं सोडा हो, निपाणीपासून कोसभरावरच्या यल्लाप्पाच्या घरात त्या दिवशी त्याहून मोठा प्रश्न पडला होता. नव्या सुनेनं भाजलेला रोडगा कुत्रं खाणार का?

हसू नका. घरचं दैवत मंगसुळीचा खंडोबा आणि कुत्रं म्हणजे खंडोबाचं लाडकं. आषाढापासून बंद असलेलं वांगं त्या दिवशी घरात यायचं, त्याचं भरीत व्हायचं, बाजरीचे जाड रोडगे शेणी पेटवून त्यांच्या आरात, निखाऱ्यांत भाजायचे. देवाला नैवेद्य दाखवला की पहिला रोडगा कुत्र्याला. त्यानं खाल्ल्याशिवाय घरात कुणी घास उचलायचा नाही, हा यल्लाप्पाच्या आज्यापासूनचा नेम.

सून जयाबाई बोरगावची. लग्नाला आठ महिने झालेले. आठ महिन्यांत तिनं दळलं, कांडलं, पाणी भरलं, पाट्यावर चटण्या वाटल्या, पण चुलीपुढं बसायला सासूनं तिला एकदाही दिलं नाही. नागुबाई मोठी खट. सुनेनं भाकरी थापायला हात पुढं केला की म्हणायची, राहू दे तुझं बोरगावी थापणं. आपण या घरची सून का नुसती पाण्याची बाई, हेच जयाबाईला कळेनासं झालं होतं. त्यात आदल्या दिवशी नागुबाईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. उद्याचे रोडगे तू कर. कुत्र्यानं खाल्ला तर चूल तुझी. नाही खाल्ला, तर पुढल्या चंपाषष्ठीपर्यंत पाटा-वरवंटा आहेच.

आणि नशीब बघा, शेणी दवानं ओल्या. फुंकून फुंकून पोरीचे डोळे तांबडेलाल झाले, धुरानं परडं भरलं, पण आर काही धरेना. रोडगे बाहेर आले तेव्हा दिवस डोक्यावरून ढळला होता. वरून काळे, आतून कसे ते खंडोबालाच ठाऊक. तळी भरली, भंडारा उधळला, 'येळकोट येळकोट जय मल्हार' झालं, आणि जयाबाई रोडगा-भरीत घेऊन अंगणात 'यू यू' करत उभी राहिली.

येतंय कोण! गल्लीत खंडोबाची आणखी अकरा घरं. अकराही घरांनी वेळेत रोडगे घातलेले. पाटलाचा भुऱ्या गाडीखाली पोट वर करून पडला होता. जयाबाईनं रोडगा नाकाशी नेला तर त्यानं एक डोळा उघडला आणि कूस बदलली. काळ्यानं वरचं भरीत तेवढं चाटलं. चाटणं म्हणजे खाणं नव्हे, असं नागुबाईनं दारातूनच ठणकावलं. तिसऱ्यानं रोडगा तोंडात धरला, तेव्हा जयाबाईचा जीव भांड्यात पडला. पण ते मेलं उकिरड्यावर गेलं आणि खड्डा काढून त्यानं रोडगा पुरून टाकला. शेजारणी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. जयाबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. अजून एक वर्ष पाट्यापुढं काढायचं या विचारानं तिला रडूच फुटलं.

तिचा नवरा भरमू भिंतीला टेकून भरताचा वास घेत बसला होता. त्याच्याकडून कशाची आशा नव्हती. यल्लाप्पा कट्ट्यावर होता. पाच महिने वांगं नाही आणि सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नाही. कुत्र्यानं खाल्लंच असं समजू, असं त्यानं सुचवून बघितलं, तर देवाला फसवता व्हय, म्हणून नागुबाईनं त्याला गप्प बसवला.

मग यल्लाप्पानं डोईचं मुंडासं काढून खुंटीला अडकवलं. अंगणात आला. सुनेच्या हातातला दुसरा रोडगा घेऊन त्यानं जमिनीवर ठेवला आणि स्वतः त्याच्यापुढं चार पायांवर झाला. भरमूला वाटलं, आप्पाला घेरी आली.

"भो," यल्लाप्पा म्हणाला.

आता यात खोटं काही नव्हतं. लहानपणी तो जगेना, म्हणून आईनं त्याला खंडोबाला वाहिलेला. यल्लाप्पा घरवाघ्या होता, आणि वाघ्या म्हणजे देवाचं कुत्रंच. जत्रेत चांगले मिशाळ वाघे भुंकून प्रसाद खातात, तिथं अंगणात भुंकायला कुणाची आडकाठी? यल्लाप्पानं खात्रीसाठी आणखी दोनदा भुंकून घेतलं आणि हात न लावता रोडग्याला तोंड घातलं.

रोडगा कसला, धोंडा! यल्लाप्पाचे दात उरलेले नऊ, तेही एकमेकांना न भेटणारे. त्यानं ओढला, कुरतडला, मिशीला राख लागली, डोळ्यांतनं पाणी आलं. पुरे करा मामंजी, म्हणत जयाबाई पुढं झाली, तर त्यानं तिच्यावर गुरकावून दाखवलं. तशी ती रडता रडता मोठ्यानं हसली. या घरात ती पहिल्यांदाच अशी हसली. म्हाताऱ्यानं कणसुद्धा ठेवला नाही.

नागुबाई मात्र हसली नाही. ती उंबऱ्यावर बसली.

"माजा बी रोडगा कुत्र्यानं सोडलाता," ती म्हणाली. "पैल्या सालाला. तवा तुमी ह्याच कट्ट्यावर बसला हुतासा. चार वर्सं सासूनं मला चुलीला शिवू दिलं न्हाई. तवा तुमास्नी भुकाया येत नव्हतं व्हय?"

यल्लाप्पा तसाच चार पायांवर.

"बाच्या म्होरं भ्यालो गं," तो म्हणाला.

नागुबाईनं पदरानं नाक पुसलं आणि उठली. सुनेच्या कपाळावरची राख तिनं अंगठ्यानं निपटून काढली.

"जया, चुलीपुढं बस जा. समद्यास्नी भरीत वाढ," ती म्हणाली. "ह्यांस्नी तेवढं नगं. ह्यांचं झालंय खाऊन."