खिशातला हात

एविंदुरला आयुष्यात हात कधी काढता आले नाहीत. नाकं, पोटं, टकलं, रागावलेल्या बायका, वादळात सापडलेल्या बोटी, सगळं झक्क यायचं. हाताशी आला की गाडी अडायची. बोटं गाजरांच्या जुडीसारखी दिसायची. म्हणून चाळीस वर्षांत त्यानं वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांत जेवढी माणसं काढली, त्यांचे हात पाठीमागे, टेबलाखाली नाहीतर खिशात. हे गुपित त्याला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

बुधवारी सकाळी उन्नुरचा फोन आला. ही उन्नुर देशातल्या व्यंगचित्रकारांचा इतिहास लिहीत होती. आजवरचे सगळे एका बसमध्ये मावतील एवढीच त्यांची संख्या, पण पुस्तक चांगलं जाडजूड झालं होतं.

"एविंदुर, बसला आहेस ना? कव्हरवर तू आहेस," ती म्हणाली. "म्हणजे तुझा खिसा. ऐक, काय लिहिलंय ते. 'एक शब्द न वापरता लाचखोरी दाखवणारी ही आपल्या इतिहासातली सर्वांत धीट रेघ.' कसं वाटतंय?"

"छापलंस?"

"शुक्रवारी जातंय छापायला. लाजलास की काय?"

"हो," एविंदुर म्हणाला. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

खिशाची हकीकत अशी. शहाऐंशी साली मासेमारीचे परवाने द्यायच्या खात्यावर स्तुर्ला नावाचा माणूस आला. पश्चिमेच्या एका खाडीतला, अबोल, कुणाशी फारसं न मिसळणारा. परवान्यांवरून तेव्हा देशभर भांडणं पेटली होती. एविंदुरला त्याचं चित्र काढायचं होतं, आणि समोरच्या फोटोत स्तुर्लाचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. एविंदुरला हायसं वाटलं. एक हात आयताच वाचला. त्यानं तसाच काढला, घरी जाऊन मटण-बटाट्याचं कालवण खाल्लं आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतले फोन वाजायचे थांबेनात. त्याच्या खिशात काय आहे, आम्हाला कळलं बरं का, असं लोक म्हणत होते. संपादकानं पाठीवर थाप मारली. तेव्हाच एविंदुरनं तोंड उघडायला हवं होतं. पण तो गालातल्या गालात हसला. लोकांच्या आयत्या पिठावर त्यानं रेघोट्या ओढल्या, आणि पुढे दर गुरुवारी तो खिसा फुगवत गेला. पेट्रोल पंपावर स्तुर्ला दिसला की माणसं खिशात हात घालून उभी राहू लागली. त्याची मुलगी आल्दिस वर्गात शिरली की अख्खा वर्ग उजवा हात खिशात घालायचा. स्तुर्लाची चौकशी झाली, तीत काही सापडलं नाही. पण एवढ्याशा देशात चौकशीचा निकाल वाचतो कोण? एक्क्याण्णव साली स्तुर्लानं नोकरी सोडली आणि बायकामुलीला घेऊन गावी परतला.

एवढंच असतं, तर एविंदुरनं स्वतःला माफ केलं असतं. पण अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात, पहाटे पोहण्याचा तलाव उघडता उघडता तो तिथे गेला, आणि शेजारच्या शॉवरखाली स्तुर्ला उभा होता. उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट. बाकीची तीन मुळापासून गेलेली. माशांची मुंडकी उडवायच्या यंत्रानं आमच्याकडे पुष्कळांची अशी बोटं नेली आहेत, ती खूण कुणीही ओळखेल. एविंदुरनं पाहिलं, ओळखलं, आणि त्यानंतरही तीन वर्षं तो खिसा काढत राहिला.

आता विधुर झालेला स्तुर्ला राजधानीत परतला होता. वर्षभर दोघे रोज सकाळी तलावाजवळच्या गरम कुंडात समोरासमोर बसत आणि वाऱ्याबद्दल बोलत.

गुरुवारी कुंडातली बाकीची मंडळी कॉफीला उठेपर्यंत एविंदुर थांबला.

"स्तुर्ला, ती उन्नुर पुस्तक काढतेय."

"ठाऊक आहे. मलाही फोन केला होता तिनं. प्रकाशनाला या, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवते म्हणाली."

"मग?"

"गुडघा दुखतो म्हटलं."

एविंदुर पाण्याकडे बघत राहिला. "तुझा हात मी पाहिला होता. त्या वेळी. शॉवरखाली."

"माहीत आहे मला. तुझ्या हातातून साबण पडला होता." स्तुर्लाच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच एविंदुरला सोसेना. "घरी जाऊन बायकोला मी सांगितलंसुद्धा. म्हटलं, त्यानं बघितलंय, आता थांबेल तो. पुढच्या गुरुवारी खिसा गुडघ्यापर्यंत आला होता."

एविंदुरची मान खाली गेली. गळ्यापर्यंत पाण्यात बसून माणूस किती उघडा असू शकतो, ते त्याला पंचाहत्तराव्या वर्षी कळत होतं.

"तू बोलला का नाहीस कधी? एक फोटो दिला असतास पेपरात..."

"हात वर करून उभा राहू फोटोला? पोरगी नऊ वर्षांची होती माझी. बापाच्या खिशात काय म्हणून विचारत होती पोरं. मग बापाला बोटं किती म्हणून विचारलं असतं." त्यानं तोंडावर पाणी मारलं. "ती डेन्मार्कला असते आता. इकडे येत नाही. ते जाऊ दे. एक विचारू का? इतकी वर्षं विचारायचं राहिलंय."

"विचार."

"तुला खरंच वाटत होतं का रे, मी पैसे खाल्ले म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. चुकलो, पण देशाच्या भल्यासाठी चुकलो, असं तरी म्हणता आलं असतं.

"नाही," एविंदुर म्हणाला. "मला हात काढता येत नाहीत. कधीच आले नाहीत. फोटोत तुझा खिशात होता, म्हणून मी तसाच ठेवला. बाकीचं लोकांनी केलं, आणि मी करू दिलं."

स्तुर्लानं पाण्याखालचा उजवा हात बाहेर काढला आणि दोघांच्या मधोमध धरला. अंगठा आणि एक बोट. वाफ निघत होती त्यातून.

"दोनच होती रे," तो म्हणाला. "विचारायचंस तरी. एवढी जमली असती तुला."

मग तो कठड्याला धरून सावकाश उठला, आणि हात न लपवता कॉफी पिणाऱ्या मंडळींकडे गेला.

कपडे बदलायच्या खोलीतून एविंदुरनं उन्नुरला फोन लावला. केसांतलं पाणी मानेवर ओघळत होतं.

"कव्हर बदल. आणि माझ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य घे. याला हात काढता येत नव्हते."

उन्नुर खळखळून हसली.

"हसू नकोस, लिहून घे," तो म्हणाला. "सगळं सांगतो. साबण पडला होता, तेही लिही."