जिलबीचा श्वास

दियाच्या पत्राला श्यामकांतांनी उत्तर दिलंच नव्हतं. त्यांचा मुलगा मिलन वारल्यावर महिन्याभरात ते आलं होतं. त्याच्या जर्मनीत वाढलेल्या मैत्रिणीनं अडखळत लिहिलेलं मराठी: "काका, जिलबी कशी आहे? मी तिला माझ्याकडे ब्राउनश्वाइगला आणू का? ती आमच्या दोघांची होती."

जिलबी म्हणजे मिलननं पाळलेली नारिंगी सापीण. कायम वेटोळं घालून बसायची, म्हणून हे नाव. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या त्यांच्या घरात मुलाचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. 'ये' म्हणवेना, 'नको' म्हणायचा धीर होईना. पत्र दीड वर्ष शब्दकोशात पडून राहिलं.

आज सकाळी मिलनच्या फोटोपुढे उदबत्ती लावताना त्यांना बारीक शिट्टी ऐकू आली. फोटो जिलबीच्या काचपेटीवरच होता. विजेरी घेऊन त्यांनी काचेबाहेरून पाहिलं. तोंड किंचित उघडं, मान वर ताणलेली, नाकपुडीशी बुडबुडा. 'तोंड बळंच उघडायचं नाही हं बाबा, जबडा नाजूक असतो,' मिलन सांगायचा. त्यांनी हात धुतले, दोन्ही तळव्यांचा आधार देत तिला कापडी पिशवीत ठेवलं, पिशवी कोटाच्या आत उबेला घेतली आणि बस धरली.

प्राण्यांच्या डॉक्टर केलरबाईंनी मऊ पट्टीनं तिचा ओठ हलकेच उचलला. "हिरड्या गुलाबी आहेत, पू नाही. पण घशात चिकट तार दिसते. फुप्फुसात संसर्ग आहे." मग पिशवी हुंगून हसल्या. "दामलेसाहेब, तुमचा साप देवळातून आल्यासारखा दरवळतोय!"

"उदबत्ती लावतो. रोज. तिच्या पेटीवर... मुलाच्या फोटोपुढे."

बाईंचं हसू मावळलं. "धूर बंद करा. इंजेक्शनं देऊ, पेटी उबदार ठेवा. वाचेल बहुतेक. शिट्टी कधीपासून आहे?"

"आज ऐकली." ते खाली बघत राहिले. "माझा एक कान गेलाय. दुसराही जेमतेमच चालतो."

घरी येऊन त्यांनी पत्र काढलं. जन्मभर पुस्तकं वाचली, पण हे पान भीतीनं उलटलंच नव्हतं. मागे लिहिलं होतं, "तिच्या खोलीत धूर, सेंट नको, काका. तिला खोकता येत नाही."

चार कागद फाडल्यावर पाचवा जमला. 'चि. दिया, जिलबी आजारी आहे. चूक माझी. तिला बरा ऐकणारा कान हवा. ये, घेऊन जा.'

पिवळ्या टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवून ते तसेच धरून उभे राहिले. मागे सायकल धरून थांबलेली बाई 'जरा सरकता का' अशा सुरात म्हणाली, "बिट्टे?"

त्यांनी पाकीट सोडलं.