गुलबर्ग्याचा बंब

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. पाणी तापवायचा नव्हे, आग विझवायचा. गुलबर्गा शहरात, स्टेशनच्या पलीकडे, एका कापडगिरणीच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली मी उभा असतो. मला इंजिन नाही. चार चाके, मधोमध पाण्याचा हौद, त्यात दोन पितळी नळकांडी आणि दोन्ही बाजूंना लांब लाकडी दांडे, एवढाच माझा संसार. एका बाजूचा दांडा खाली दाबला की दुसऱ्या बाजूचा वर येतो आणि नळीच्या टोकाच्या तोटीतून पाण्याची धार सुटते. माणसांचे हात चालतात तोवर मी चालतो.

त्या काळी असे बंब मुंबईहून येत, आणि मुंबईला ते विलायतेहून येत. मी मात्र इथलाच. आमच्या गिरणीत काशप्पा नावाचा एक जोडारी होता, कोहिनूर गावचा. सैल झालेली यंत्रे आवळायची, तुटलेले भाग जोडायचे, हे त्याचे काम. आमची गिरणी शहरातल्या जुन्या मोठ्या गिरणीच्या मानाने लहान होती आणि विलायती बंब तिला परवडणारा नव्हता. तेव्हा काशप्पाने आमच्या गिरणीच्या मोठ्या साहेबांना सांगितले, "मी बनवतो. नमुना एकदा डोळ्यांनं बघू द्या, बस." तो मोठ्या गिरणीत जाऊन तिथला बंब बघून आला. मग एका जुन्या बॉयलरच्या पत्र्यातून माझा हौद झाला, तांबटांच्या आळीत नळकांडी घडली आणि चिटगुप्प्याच्या सुताराने बाभळीची चाके करून दिली. पहिल्याच दिवशी माझी धार गिरणीच्या कौलांवर पोहोचली. काशप्पा नखशिखांत भिजला आणि लहान मुलासारखा हसला.

माझ्या हौदावर पांढऱ्या रंगात गिरणीचे नाव लिहिले गेले. मला फार अभिमान वाटला.

मित्रांनो, तेव्हाचे आमचे शहर तुम्ही पाहायला हवे होते. राज्य निजामाचे. कुणी शहराला गुलबर्गा म्हणे, कुणी कलबुर्गी. पहाटे गिरण्यांचे भोंगे वाजत आणि त्यावर लोक आपली चूल पेटवत. सुगीनंतर बिदरकडच्या गावांतून कापसाच्या गाड्यांची रांग लागे. बैलांच्या गळ्यातल्या घंटा मला छपराखाली ऐकू येत. तो कापूस गंजात उतरे, गंज म्हणजे शहरातली मोठी बाजारपेठ. तिथून तो गिरणीत येई आणि त्याची धोतरे-लुगडी होऊन परत त्याच खेड्यांत जात. लुगडे नेसलेली एखादी बाई बाजारात दिसली की गिरणीतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत. "आपल्या हातचं सूत हाय ते," म्हणत. या शहरात एका घरात कानडी, शेजारी मराठी आणि समोरच्या दुकानात दखनी बोलली जाई, आणि भांडण तिन्ही भाषांत व्हायचे.

माझ्या बाबतीत गिरणीचा एक नियम होता. बंब फाटकाबाहेर जायचा नाही. गिरणी म्हणजे कापूस, सूत आणि तेल. एक ठिणगी पडली तर सगळे राख. म्हणून मी सदा आत. हा नियम पाळण्याची जबाबदारी श्रीपतरावांवर होती. ते मोठ्या साहेबांच्या हाताखालचे साहेब. लोक त्यांना रावसाहेब म्हणत. सरळ मनुष्य, पण भित्रा. दोन मुलींची लग्ने व्हायची होती आणि ही नोकरी गेली तर दुसरी मिळायचे त्यांचे वय राहिले नव्हते.

आणि मग तो रथाचा दिवस आला. शरणबसवेश्वरांची जत्रा होती. पुरुष कामगार झाडून सगळे रथ ओढायला गेले होते. काशप्पाही गेला होता. मोठे साहेब हैदराबादेला होते. एरवी जत्रेला गिरणी बंदच असायची, पण त्या वर्षी मालाची घाई होती, म्हणून सुताची रिळे भरणाऱ्या बायकांचे खाते दुपारपर्यंत चालू ठेवले होते. त्या खात्यात मुडबीची ईरम्मा होती. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला तिखट. तिच्या शेजारच्या यंत्रावर चंद्रभागाबाई, चिटगुप्प्याची, अबोल. दोघी गिरणीच्या चाळीत शेजारी शेजारी राहत.

उन्हे तापली आणि गंजाच्या बाजूने धूर दिसू लागला. आधी पांढरा, मग काळा. कापसाच्या ढिगाला आग लागली होती. वारा होता, आणि तो वारा गंजाकडून त्याला लागूनच असलेल्या चाळीकडे वाहत होता. चाळीची छपरे गवताची होती. आत म्हातारी माणसे आणि पाळण्यातली लेकरे होती.

बायका कामे टाकून आवारात धावल्या. श्रीपतराव माझ्या छपरापुढे उभे होते. माझ्या चाकांना घातलेल्या साखळीच्या कुलपाची किल्ली त्यांच्या मुठीत होती.

"रावसाहेब, बंब काढा," ईरम्मा म्हणाली.

"बंब बाहेर न्यायचा हुकूम नाही, ईरम्मा. वारा फिरला, आग इकडे आली, तर गिरणीत थेंब टाकायला काही उरणार नाही. मग मोठ्या साहेबांना मी काय सांगू?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मागच्या गोदामात छतापर्यंत कापूस रचलेला होता. ईरम्मालाही ते ठाऊक होते.

तेव्हा कधी न बोलणारी चंद्रभागाबाई पुढे आली. "रावसाहेब, गिरणी जळली तर पुन्हा बांधताल तुमी. माझी सासू आंधळी हाय, घरात एकटी बसलीय. तिला धूर कुठून यायलाय ते बी कळायचं न्हाई. तिला पुन्हा कोन बांधंल?"

श्रीपतराव कुलपाशी वाकले. किल्ली कुलपात नीट बसेना. शेवटी ईरम्मानेच त्यांच्या हातावर हात ठेवून ती फिरवली. फाटक उघडायला मात्र ते स्वतः धावले.

जन्मल्यापासून मी प्रथमच गिरणीबाहेर पडलो. मला ओढायला बैल नव्हते. बायकांनी पदर खोचले आणि दोरांना लागल्या. दगडी रस्त्यावर माझी चाके इतकी खडखडली की वाटले, आता सांधे निखळतील. श्रीपतराव मागून ढकलत होते. त्यांची पगडी कुठे पडली, त्यांनी पाहिले नाही.

गंजातल्या विहिरीपाशी मला उभे केले. लोकांनी विहिरीपासून हौदापर्यंत रांग धरली, घागरी हातोहात येऊ लागल्या. बायका दोन्ही दांड्यांना भिडल्या. पण मेळ बसेना. दोन्ही बाजूंनी एकदम जोर लागे आणि मी जागच्या जागी अडे.

"मोजा!" ईरम्मा ओरडली. "आमी ओंदु म्हनतो, तुमी दोन म्हना!"

तिच्या बाजूला कानडी बोलणाऱ्या जास्त होत्या, चंद्रभागाबाईच्या बाजूला मराठी. कानडीत 'ओंदु' म्हणजे एक. इकडून 'ओंदु' आणि तिकडून 'दोन', इकडून 'ओंदु' आणि तिकडून 'दोन'. दांडे लयीत आले. माझ्या पोटात पाणी घुसळले आणि धार सुटली. असे मोजणे दुसऱ्या कुठल्या शहरात कुणी ऐकले असेल असे मला वाटत नाही.

मध्येच नळी फाटली. एका बाईने डोईवरचे फडके भिजवून तिथे आवळून बांधले आणि ती नळीवर चक्क बसून राहिली. आधी आम्ही चाळीची छपरे भिजवली, मग आगीकडे वळलो. रथाकडची माणसे धावत आली तेव्हा बायकांचे तळहात सोलून निघाले होते, पण त्यांनी दांडे लगेच सोडले नाहीत. काशप्पाने मला पाहिले आणि फाटलेल्या नळीला आधी हात घातला. संध्याकाळपर्यंत आग आटोक्यात आली. गंजातली बरीच गोदामे गेली. चाळ वाचली. माणूस एकही गेला नाही. चंद्रभागाबाईची सासू बाजेवर बसून विचारत होती, "पाऊस कामून आला गं या दिवसांत?"

मोठे साहेब हैदराबादेहून आले ते संतापूनच. त्यांनी श्रीपतरावांना बोलावले आणि घरी बसायला सांगितले. ही बातमी शहरात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर गिरणीच्या फाटकापाशी माणसे जमली. कामगार होते, हमाल होते, टांगेवाले होते. सगळ्यांत पुढे गंजातले आडते भीमण्णा होते. त्यांचे स्वतःचे गोदाम जळाले होते.

"साहेब," भीमण्णा म्हणाले, "माझा कापूस गेला त्याचं मी रडत न्हाई. पुढल्या साली पुन्हा येतो कापूस. पर रावसाहेबांनं फाटक उघडलं म्हनून गाव राहिलं. त्यांना काढायचं असंल तर आमाला बी काढा या गावातनं."

एक टांगेवाला मागून ओरडला, "साब, ये बंब हमारा बी है!"

गर्दीत ईरम्मा उभी होती, दोन्ही हातांना हळदीच्या चिंध्या बांधलेली. तिच्या हातांकडे मोठे साहेब बराच वेळ पाहत राहिले. मग श्रीपतरावांना म्हणाले, "कामावर या. आणि पुन्हा अशी वेळ आली, तर मला विचारायला थांबू नका."

त्या आठवड्यात माझ्यावरचे गिरणीचे नाव खरवडले गेले आणि तिथे शहराचे नाव आले. एका ओळीत उर्दू, एका ओळीत कानडी, एका ओळीत मराठी. रंगाऱ्याच्या तीन ओळी सारख्या आल्या नाहीत. कानडी जरा उताराला लागली आहे. तरी लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत. पाहुणे आले की त्यांना आधी दर्गा दाखवत, मग किल्ला आणि मग मला.

माझी चांगली वर्षे ती. दर आठवड्याला मला मैदानात नेत. सराव करायला बायकांची एक तुकडी आणि पुरुषांची एक. धार सुटली की शाळा सुटलेली पोरे तिच्याखाली नाचत. सराव संपला की काशप्पा माझी नळकांडी उघडायचा आणि आतल्या चामड्याच्या चकत्यांना एरंडेल चोळायचा. "चामडं हाय, अण्णा," तो सगळ्यांना सांगे, "त्याला तेल पाजलं तर ते पानी वढतं. वाळलं की नुसता वारा."

पुढे काशप्पाची नजर अधू झाली आणि तो कोहिनूरला परत गेला. श्रीपतरावही निवृत्त झाले. मग शहरात मोटारीचा बंब आला. लखलखीत, पितळी घंटेचा. मलाही तो आवडला. माणसांना आता तळहात सोलून घ्यावे लागणार नव्हते. मला छपराखाली लावले आणि सराव बंद झाला. लोक मला विसरले असे म्हणता येणार नाही. दर खंडेनवमीला माझी पूजा होई. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. कुणीतरी त्या आगीची गोष्ट सांगे आणि सगळे हात जोडत. माझी नळकांडी मात्र कुणी उघडली नाहीत.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा आला. राज्यात अस्वस्थता होती, बाहेरून येणारा माल थांबला होता आणि पेट्रोल मिळेनासे झाले होते. एका दुपारी चाळीतल्या चुलीची ठिणगी गवतावर गेली. मोटारीचा बंब जागचा हलेना. त्याची टाकी कोरडी होती. लोक माझ्याकडे धावले. ईरम्माही आली, केस पिकलेली, दम लागलेली. दांड्यांना हात लागले, हौद भरला, दांडे खालीवर झाले. माझ्या पोटातून फक्त फुसफुस आवाज आला. चामडे वाळून तडकले होते. लोक दाबत राहिले, दाबत राहिले. तोटीतून थेंब आला नाही.

शेवटी घागरींनी आग विझवली. माणसे वाचली, पण चाळीची एक ओळ गेली. त्यात ईरम्माचे घर होते.

संध्याकाळी श्रीपतराव काठी टेकत आले. ईरम्मा माझ्या चाकाशी बसली होती. माझ्या गळ्यात मागच्या खंडेनवमीचा वाळलेला हार तसाच होता. तिने तो काढला आणि हातात धरून म्हणाली, "रावसाहेब, फुलं वाहिली आमी. दर साली वाहिली. बोटभर तेल घालायचं कुनालाच कसं सुचलं न्हाई?"

श्रीपतराव खाली बसले. "मलाही नाही सुचलं, ईरम्मा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोहिनूरला गाडी गेली आणि काशप्पाला घेऊन आली. त्याला आता फारसे दिसत नव्हते. त्याने माझ्या हौदावरून हात फिरवला, नळकांडी उघडली आणि तडकलेल्या चकत्या बाहेर काढल्या. नवे चामडे त्याने बोटांनी चाचपून कापले. ईरम्मा शेजारी बसून ते तेलात भिजवत होती आणि कसे कापायचे ते बघत होती. पुढच्या वेळी तो नसेल, हे दोघांनाही कळत होते.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी निजामाचे राज्य गेले. झेंडा बदलला, कचेऱ्यांतली भाषा बदलू लागली. शहर तेच राहिले, भोंगेही तेच. ईरम्मा आता दर अमावास्येला येते, चाळीतल्या सुनांना बरोबर घेऊन. आधी नळकांडी उघडायला लावते, मग तेल, मग दांडे.

मित्रांनो, तुमच्याही गावात असे काहीतरी असेल. एखादी विहीर, एखादा पूल, एखादा बंब, ज्याची गोष्ट सांगताना तुमची छाती फुगते. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे एवढे ऐका. तिथे जाल तेव्हा नुसते हात जोडून परतू नका. दांडा एकदा खाली दाबा, आणि पाणी येते का ते बघा.