म म्हणजे मारिया

सांगितलं तर म्हणाल, म्हातारा पुन्हा थापा मारतोय. पण लेस्वोस बेटावरच्या एका गावानं गंजकं नाणं आंघोळ करून लख्ख होताना पाहिलं आणि सगळं गाव गुडघ्यांवर आलं, हे खरं.

ईस्टरचा दुसरा दिवस. ऑलिव्हच्या घाण्यासमोर गर्दी. एव्हान्थियाच्या मांडीवर तिची मारिगो तापानं फणफणलेली. नाणं बुडवलेल्या तीर्थाचा एक घोट पोटात जाताच पोरीनं हिरवट ओकारी काढली होती.

"बघा, दृष्ट बाहेर पडतेय!" गावोगाव फिरणारा साधू प्रोकोपिसबाबा गरजला. "हे साधं तांबं नव्हे, बायांनो! प्राचीन सम्राटाचं नाणं, आणि मागे हा भला मोठा म. म म्हणजे माता मारिया! पाजा अजून वाटीभर."

धक्क्यावर बोटीनं भोंगा दिला. डॉक्टर पलीकडच्या बंदरात. ही बोट चुकली की परवापर्यंत दुसरी नव्हती. एव्हान्थिया वाटी हातात धरून बोटीकडे बघत होती.

गर्दीतून स्ट्रातिस मास्तर घुसले. त्यांनी वाटी हुंगली आणि घाण्यावरची काळपट तांब्याची पळी त्यात बुडवली. पळी उजळली.

"वा! पळीही संत झाली!" मास्तर म्हणाले. "अरे, शिरका आणि मीठ आहे हे. यात तांब्याचा गंज उतरतो, आणि तोच विरघळलेला गंज तुम्ही पोरीला पाजताय. दृष्ट कसली? पोट विष बाहेर फेकतंय!"

"पण मास्तर, तो म?" कॉफीवाला पानागोस कुजबुजला.

मास्तरांनी बाबाच्या थैलीतून दुसरं नाणं उचललं. "यावर क आहे. ही कोण?"

"संत कॅतेरिना!" बाबा तत्काळ.

"आणि या टिकलीएवढ्या नाण्यावर ए?"

"संत एलेनी!"

"पानागोस, जुन्या हिशेबात आकड्यांच्या जागी अक्षरं लिहितात, त्यात आपण म किती धरतो?"

"चाळीस." पानागोस चपापला. "क म्हणजे वीस... ए म्हणजे पाच. अगं आई! ही तर किंमत!"

"मोठं नाणं चाळिसाचं, चिमुकलं पाचाचं. बाबांनो, नमस्कार करण्याआधी वाचा तरी! तापाला कारण असतं, ते डॉक्टर शोधतो. श्रद्धा ठेवा, पण अक्कल गहाण टाकू नका."

भोंगा पुन्हा वाजला. एव्हान्थियानं वाटी बाबापुढे धरली. "आधी तुम्ही घोट घ्या, बाबा."

बाबा एक पाऊल मागे सरला. "घेतला असता, बाई. पण आज माझा कडक उपास."

एव्हान्थियानं वाटी त्याच्या पायांवर ओतली.

"ईस्टरच्या आठवड्यात उपास? अरे, या दिवसांत उपासाला बंदी असते, हे माझ्या पोरीलाही ठाऊक आहे! खोटारड्या, तू साधूच नाहीस!" पोरीला खांद्यावर टाकून ती धक्क्याकडे धावत सुटली. "थांबवा रे बोट!"